शेऱ्याच्या रकान्यातली नववी

डिसेंबरातला दुसरा मंगळवार, संध्याकाळी साडेपाच. खेळासाठी जमलेली वर्गणी एकवीसशे पन्नास रुपये. हजर: शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, शाळेच्या बाई, चार पालक आणि मी. गैरहजर चौघे. दोघांच्या द्राक्षबागेत काम चालू होतं, एक आजारी होता, एकाने कारण कळवलं नाही.

मी समितीत पालक म्हणून नाही. माझी मुलगी या शाळेतून बाहेर पडली त्याला सोळा वर्षं झाली. मी आहे तो ‘शिक्षणप्रेमी’ या जागेवर. ही जागा भरावीच लागते. पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मी क्रेटची आवक-जावक लिहितो, तेव्हा हा माणूस इतिवृत्तही बरं लिहील, असं म्हणून मला घेतलं. वही तेव्हापासून माझ्याकडे असते. गावात मला नाना म्हणतात.

त्या दिवशी विषय दोन होते. पहिला, तालुक्याहून आलेलं पत्र. कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवाव्यात का, याबद्दल गावाचं म्हणणं मागवलं होतं. जानेवारीत साहेब येऊन ऐकणार होते. दुसरा विषय, आसपासच्या अकरा शाळांच्या क्रीडा स्पर्धा. पहिल्या विषयावर कोणी फारसं बोललं नाही. सगळा वेळ दुसऱ्यात गेला.

शाळेचा पट अठरा. पहिली ते सातवी मिळून. त्यात पाचवी ते सातवीच्या, गावात असलेल्या मुली आठ. खो-खोला नऊ लागतात, आणि स्पर्धेच्या पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं की नऊ खेळाडू हजर नसतील तर संघ बाद.

“आठच आहेत,” बाई म्हणाल्या.

“नववी हाय की,” अध्यक्ष म्हणाले. त्यांची पाच एकर बाग आहे. “माझ्याकडं सुरगाण्याची टोळी आलीय ना, त्यातली पोरगी. लय पळती. परवा माझ्या कुत्र्याला मागं टाकलं तिनं.”

“ती आपल्या पटावर नाही, भाऊ.”

“पटावर हाय पण गावात नाय, अशी कोन हाय ते बघा. दिवाळीला नाशिकला राहायला गेली ती पोरगी, तिचा दाखला नेला का अजून? नाय ना? मग नाव तिचं अन्‌ पाय हिचे.”

सगळे हसले. मीही हसलो. वहीत मी लिहिलं, ‘मुलींचा खो-खो संघ पाठवण्याचे ठरले.’ नावाचं लिहिलं नाही.

त्या वेळी माझी बायको पुण्याला मुलीकडे जाऊन आठ महिने झाले होते. मुलगी आणि जावई दोघंही नोकरी करतात, बाळाला सांभाळायला कोणी नाही. दोन महिन्यांसाठी म्हणून ती गेली होती. मुलगी म्हणाली, अजून थोडे दिवस. मग कोणी काही म्हणणंही बंद झालं. मी एकट्यापुरता स्वयंपाक शिकलो. अर्धी वाटी तांदूळ, एक मूठ डाळ. पोळ्या जमेनात, म्हणून भाकरी शेजारून घेतो, महिन्याचे पैसे ठरवून. कोल्ड स्टोरेजमधून साडेचारला सुटलो की घरी जाऊन करायचं असं काही नसे. टीव्ही लावायचा आणि आवाज मोठा ठेवायचा.

म्हणून सराव सुरू झाला तेव्हा मी रोज पाचला शाळेच्या आवारात जाऊन बसू लागलो. समितीचा सदस्य आहे, तर देखरेख करावी, असं मी बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, “या ना, नाना. घड्याळ तुम्ही लावा.”

सुरगाण्याकडची ती मुलगी बारा वर्षांची. आईवडील दोघंही बागेत घड औषधाच्या पाण्यात बुडवायच्या कामावर, आणि धाकटा भाऊ दहा महिन्यांचा. तो दिवसभर तिच्याकडे. सकाळी ती त्याला कडेवर घेऊनच शाळेत यायची. बाई त्याला वर्गात कोपऱ्यात गोधडीवर झोपू देत. सरावाच्या वेळी ती त्याला माझ्याजवळ पोत्यावर बसवायची आणि धावत सुटायची. तो पहिल्या दिवशी रडला. मी उचलून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच हात वर केले.

माझा नातू त्याच्याहून महिन्याने मोठा. त्याला मी बारशाच्या चार दिवसांत मांडीवर घेतलं होतं, एरवी फोनवर पाहतो. फोनमध्ये तो माझ्याकडे पाहत नाही, स्वतःच्या चौकटीकडे पाहतो. हे बाळ मात्र माझं पेन ओढायचं, शर्टाचं बटण तोंडात घालायचं. एका हाताने त्याला धरून दुसऱ्या हाताने मी सेकंद लिहायचो. कोणती मुलगी किती वेळ बाद न होता पळाली, ते. बाकीच्या चाळीस-पन्नास सेकंदांत बाद होत. ही दोन मिनिटांच्या खाली कधी आली नाही. बसलेल्या दोघींच्या मधून ती अशी वळायची की पाठलाग करणारी पुढे निघून जायची आणि ही मागे उभी राहून हसायची.

मी तिला एकदा विचारलं, “आधी कुठे खेळलीस?”

“सामना नाही खेळले. गावाला असते तेव्हा स्पर्धा नसते. स्पर्धा असते तेव्हा आम्ही कामाला आलेलो. तिकडच्या शाळा म्हणतात, तू आमची नाही.” तिने बोटं मोजली. “ही चौथी शाळा. फेब्रुवारी संपला की परत जाऊ. पुढच्या वर्षी मला आई कामावर नेईल, शाळेत नाही.”

हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

स्पर्धेला आठ दिवस राहिले तेव्हा मुलींनी एक नवा सराव काढला. मैदानावर नावं पुकारतात, तेव्हा हिने चटकन ‘हजर’ म्हटलं पाहिजे. म्हणून त्या हिला नाशिकला गेलेल्या मुलीच्या नावाने हाका मारू लागल्या. ही वळायचीच नाही. तीनदा हाक मारली तरी नाही. मुली हसून लोळायच्या.

“अगं, तुला मारतोय हाक!”

“मला वाटलं, ती आली काय.”

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ती भावाला न्यायला माझ्याकडे आली. पाणी पीत होती. मध्येच थांबून म्हणाली, “नाना, मी पळाले तर कागदावर तिचं नाव लिहिणार?”

“हो.”

“मग ती कुठे पळाली?”

बाळाची टोपी सापडत नव्हती, ती शोधली.

संघाचा अर्ज भरायचं काम माझ्याकडे होतं. घरी बसून मी पत्रक दोनदा वाचलं. खेळाडू ‘शाळेत शिकत असावा’ असं त्यात होतं. मुलीच्या आईकडे हमी पत्रक होतं. कामासाठी गाव सोडणाऱ्यांच्या मुलांना त्यांच्या शाळेतून ते लिहून देतात. जिथे जाल तिथल्या शाळेने या मुलाला बसू द्यावं, असं त्यावर असतं. ही मुलगी नोव्हेंबरपासून आमच्या शाळेत बसत होती. बाईंनी तिच्यासारख्या पाच मुलांची वेगळी हजेरी ठेवली होती. मग ती शाळेत शिकत नव्हती असं कोण म्हणणार?

शिवाय माझ्या डोक्यात दुसराही एक हिशेब होता. खोटं नाव लावलं तर अठरातलं एक मूल तिथल्या तिथे राहतं. खरं लावलं तर एकोणिसावं मूल कुठेतरी सरकारी कागदावर येतं. शाळा जाते की राहते असा प्रश्न असताना हे बरं, असं मला वाटलं.

नवव्या ओळीवर मी तिचं नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘स्थलांतरित विद्यार्थिनी, हमी पत्रकाची प्रत सोबत.’ प्रत जोडली. बाईंनी त्या दिवशी पोषण आहाराच्या कागदांच्या गठ्ठ्याबरोबर अर्जावरही सही केली. वाचलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चर्चा झाली असती आणि अध्यक्षांनी नाव बदलायला लावलं असतं, हे मला माहीत होतं.

कोल्ड स्टोरेजमध्ये जे लिहिलेलं नाही ते झालेलं नाही, असं मी धरतो. इथे पत्रकात जे लिहिलेलं नाही ते चालेल, असं धरलं. चूक ती झाली.

शुक्रवारी आम्ही टेम्पोने गेलो. मुलींच्या अंगात निळे टी-शर्ट, पाठीवर एक ते नऊ. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि बाळ माझ्याकडे होतं. मैदानाच्या कडेला मांडवात टेबल होतं, तिथे सहा किलोमीटरवरच्या गावातल्या शाळेचे एक सर याद्या तपासत होते. आमची यादी काढून त्यांनी नावं पुकारली. आठ मुली ‘हजर सर’ म्हणाल्या. नववं नाव घेण्याआधी ते थांबले.

“हे शेऱ्यात कोणी लिहिलंय?”

“मी,” मी म्हणालो.

“तुम्ही शिक्षक?”

“समितीचा सदस्य.”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “भाऊसाहेब, तुम्ही हे लिहिलंच नसतं, तर मी काय विचारणार होतो?”

“पत्रकाची प्रत जोडली आहे.”

“ते वर्गात बसायचं पत्रक आहे. मैदानात पळायचं नाही. पटावर नाव पाहिजे.”

“पटावर नाव पाहिजे असं तुमच्या पत्रकात नाही. ‘शिकत असावा’ एवढंच आहे.”

मागे रांगेत उभे असलेले कुठल्यातरी शाळेचे गुरुजी ओरडले, “अहो सर, खरेपणाचा कप इकडं देऊन टाका अन्‌ रांग पुढं घ्या!” मांडवात हशा झाला.

बाई पुढे आल्या. त्यांनी यादी उलटी करून वाचली आणि माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “सर, मुली महिनाभर तयारी करतायत. बघा ना काही.”

“बाई, शाईने लिहून माझ्यासमोर ठेवलंय. मी पाहिलं नाही असं आता कसं म्हणू? पुढे कोणी तक्रार केली तर?” त्यांनी लाल पेन घेऊन नवव्या ओळीवर रेघ मारली. खाली लिहिलं, ‘खेळाडू ८, संघ अपात्र.’

ती मुलगी टेबलाच्या अगदी जवळ उभी होती. ती बाईंना म्हणाली, “आता तिचं नाव सांगू का? मला येतं आता.”

“आता नको बाळा,” बाई म्हणाल्या.

आम्ही टेम्पोने परत आलो. टी-शर्ट मळलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष मला फाट्यावर भेटले. चहाच्या टपरीवर आठ-दहा माणसं होती.

“नाना, तुम्ही क्रेट मोजा. पोरी मोजायला आम्ही हाय.”

“पत्रकात तसं नव्हतं, भाऊ.”

“पत्रक, पत्रक! त्या दुसऱ्या शाळांनी काय केलं माहीत हाय का? एकीनं तर कॉलेजची पोरगी उतरवली म्हणत्यात. अन्‌ आपण चाललो सत्याचे प्रयोग करायला.” ते माझ्याकडे न बघता टपरीवाल्याला म्हणाले, “यांचा चहा लिहून ठिव बरं का. शेऱ्यात लिव्ह.”

मी त्या चहाचे पैसे रोख दिले. त्यानंतर टपरीवर मी गेलो की बाकावर जागा असायची, पण कोणी ‘बसा’ म्हणायचं नाही. शाळेच्या फोनवरच्या ग्रुपवर मी काही टाकलं की वाचल्याच्या खुणा दिसायच्या, उत्तर नसायचं. बायकोला फोनवर सांगितलं.

“तुम्हाला कोणी सांगितलं होतं खरं लिहायला?” ती म्हणाली.

“अगं, नावाचा रकाना होता.”

“अहो, रकाना असला म्हणून काय सगळं सांगायचं असतं? आपल्या लग्नात तुम्ही आहेराच्या यादीत फुटक्या कपाचा सेट ‘फुटका’ म्हणून लिहिला होता. मामा अजून बोलतात.” मागे बाळ रडायला लागलं. “ठेवते. जेवून घ्या.”

सराव बंद झाला होता. तरी तीन-चार दिवस मी पाचला शाळेच्या आवारात गेलो. खांब उभे होते, चौकोनांच्या चुन्याच्या रेघा होत्या. फाटकाची कडी लावून परत आलो.

एका संध्याकाळी किराणा दुकानात त्या मुलीची आई भेटली. हात औषधाने हिरवट झालेले. तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. मला पाहून बाळ पुढे झुकलं.

“आमचे पोरीची काय चूक आहा का?” तिने विचारलं.

“नाही. चूक माझी आहे.”

“मंग तिला सांगा तसं. ती जेवत नाय.”

मी त्याच वेळी बागेच्या कडेला त्यांच्या झोपडीपर्यंत गेलो. मुलगी भांडी घासत होती. मी म्हणालो, “तुझी काही चूक नव्हती. मी अर्जात तुझं नाव लिहिलं, म्हणून झालं.”

“माझं पूर्ण लिहिलं होतं?”

“हो.”

“वडलांचं पण?”

“हो. आणि आडनाव.”

तिने राखेचा हात थांबवला. “पण खेळायचं राहिलंच,” ती म्हणाली आणि पुन्हा पातेलं घासू लागली.

फेब्रुवारी संपायला तेव्हा सात आठवडे होते.

जानेवारीच्या शेवटी साहेब गावाचं म्हणणं ऐकायला आले. शाळेच्या ओट्यावर सतरंज्या घातल्या. एकेचाळीस माणसं होती, त्यात बायका सहा. आदल्या दिवशी अध्यक्षांनी मला निरोप पाठवला होता, नानांनी लिहावं, बोलू नये. सगळे बोलले. शाळा गेली तर आम्ही हायवे अडवू, असं दोघे म्हणाले. एकाने त्याच्या आजोबांनी शाळेला जागा कशी दिली ते सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, गावाला शाळा नसली तर गावाला तोंड नाही. टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी सात जणांची मुलं पिंपळगावच्या इंग्रजी शाळेत पिवळ्या बसने जातात.

साहेब म्हणाले, “लेखी कोणी दिलंय का?”

मी उठून कागद दिला. एकच पान होतं. मोठ्या शाळेचं अंतर माझ्या गाडीच्या मीटरने चार किलोमीटर दोनशे मीटर, वाटेत हायवे ओलांडावा लागतो. पट अठरा. आणि पटाबाहेर वर्गात बसणारी मुलं पाच.

“ही पाच कोण?”

“कामावरच्यांची पोरं, साहेब,” अध्यक्ष म्हणाले. “येतात, जातात.”

“मग ती त्यांच्या गावच्या पटावर असतील. इथे धरता येत नाहीत.”

“पण बसतात इथे,” मी म्हणालो. सगळ्या माना वळल्या. “नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रोज. बाईंकडे हजेरी आहे. चार महिने या शाळेची मुलं तेवीस धरायला हवीत. अठरा बरोबर आहे, पण पुरतं नाही. त्यातली एक मुलगी आम्ही खेळायला नेली, तर पटावर नाही म्हणून संघ बाद केला. मुलगी शाळेत आहे की नाही, हे एकदा कोणीतरी ठरवावं.”

“खेळाचं पत्रक वेगळ्या विभागाचं असतं,” साहेब म्हणाले. “तो माझा विषय नाही.” पण त्यांनी कागदावर काहीतरी खूण केली. बरोबरच्या कारकुनाला विचारलं, “लेखी म्हणणं एकूण किती?”

“एक.”

कागद फाइलमध्ये गेला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. शाळा अजून चालू आहे.

साहेबांना घेऊन सगळे अध्यक्षांच्या घरी चहाला गेले. मला कोणी बोलावलं नाही. बाई आणि मी सतरंज्यांची टोकं धरून घड्या घातल्या. बाई त्या स्पर्धेनंतर पहिल्यांदाच कामाव्यतिरिक्त बोलल्या. “नाना, मला आधी सांगितलं असतं तर मी सही केली नसती.”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

त्यांनी घडी कपाटात ठेवली. “बरोबर नाही केलंत,” म्हणाल्या. मी ‘हो’ म्हणालो.

पुढच्या रविवारी मी गाडी काढून टेबलावरच्या त्या सरांच्या घरी गेलो. त्यांच्या शाळेचा संघ स्पर्धेत पहिला आला होता आणि तालुक्याला हरला होता. मी सांगितलं, सामना हवा आहे. बक्षीस नको, प्रमाणपत्र नको. मुलगी महिन्याभरात गावाला परत जाईल.

सरांनी बराच वेळ पायातली चप्पल काढघाल केली. मग म्हणाले, “माझ्या नऊपैकी दोघी कोणाच्या नावावर खेळल्या, ते विचारू नका.”

“विचारत नाही.”

“मग पुढच्या रविवारी सकाळी नऊला या. पत्रक नाही, टेबल नाही. चहा आहे.”

बाई यायला तयार झाल्या. ग्रुपवर मी वार, वेळ, ठिकाण टाकलं. चौदा जणांनी वाचलं. मुलींच्या घरी मी स्वतः गेलो. कोणी नाही म्हणालं नाही, येतो असंही म्हणालं नाही. राहिला बाळाचा प्रश्न. त्या दिवशी गुण मला लिहायचे होते, त्याला घेऊन बसता येणार नव्हतं. मुलीच्या आईला विचारलं.

“रविवारी पण काम आहा. माझा अर्धा रोज पडंल.”

“तो मी देईन.”

“बक्षीस नको,” ती म्हणाली.

“बक्षीस नाही. अर्धा रोज.”

रविवारी पावणेनऊला टेम्पो त्या गावात पोचला. आठ मुली, नववी ती, बाई, आणि मागून गाडीवर मी. आमच्या गावातलं दुसरं कोणी नव्हतं. त्यांच्या बाजूनेही कोणी आलं नाही, दोन म्हातारे पारावर बसून बघत होते तेवढेच. सर स्वतः पंच झाले. मी खुर्ची घेऊन मध्यरेषेजवळ बसलो. कागदावर नऊ आणि नऊ अशी नावं लिहिली. तिचं नाव लिहिताना तिला विचारून लिहिलं, कारण आडनावात एक अक्षर मी आधी चुकवलं होतं.

दोन डाव झाले. आमच्या मुली पहिल्या डावात घाबरल्या, लवकर बाद झाल्या. ती पहिल्या डावात दोन मिनिटं पंचावन्न सेकंद पळाली, दुसऱ्यात तीन मिनिटं वीस. दुसऱ्यांदा बाद झाली ती खांबाजवळ पाय घसरून. पाठलागात तिने चार गडी टिपले. शेवटी त्यांचे गुण तेरा, आमचे अकरा. आम्ही हरलो. मुली हरल्यासारख्या दिसत नव्हत्या. दोन्हीकडच्या अठरा जणी पाण्याच्या टाकीजवळ एकमेकींवर पाणी उडवत होत्या आणि सर ओरडत होते, “अगं, टाकी संपवाल, गावाचं पाणी आहे ते!”

ती ओल्या हाताने माझ्याकडे आली. हात झग्याला पुसले. कागदावर तिच्या ओळीवर बोट ठेवून वाचलं, नाव, मग आकडे. दोनदा वाचलं.

“तुला देऊ हा?” मी विचारलं. मूळ कागद मी सहसा कोणाला देत नाही.

“नको. आमच्याकडे भिजतं. तुम्ही ठेवा.”

टेम्पो पुढे गेला. मुली गात होत्या, बाई त्यांच्यात बसल्या होत्या. मी मागे धूळ चुकवत अंतर ठेवून चालवत होतो. फाट्याला टेम्पो गावाकडे वळला तेव्हा आतून दोघी-तिघींनी हात हलवले, मला की कोणाला ते कळलं नाही.

घरी येऊन मी कागद वहीत ठेवला आणि बायकोला फोन लावला. सांगायला सुरुवात केली, तेरा-अकरा. ती म्हणाली, “थांबा, याला भरवतेय, नंतर करते.” मी बराच वेळ फोन शेजारी ठेवून बसलो. मग अर्धी वाटी तांदूळ धुतले.

त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात टोळी गेली. मला दुसऱ्या दिवशी कोल्ड स्टोरेजमधून आल्यावर कळलं. झोपडीच्या जागी चुलीचे तीन दगड होते.

रविवारच्या सामन्याला टेम्पोवाल्याने अकराशे घेतले, ते माझे. वर्गणी टी-शर्टांत आणि स्पर्धेच्या टेम्पोत गेली होती, तिच्यातले उरलेले शंभर बाईंकडे जमा केले. सामन्याच्याच दुपारी बागेच्या बांधावर मुलीच्या आईने रोज चारशे आहे, जास्त नको, असं दोनदा सांगितलं, आणि मी तिला अर्ध्या रोजाचे दोनशे रुपये दिले.